गच्चीवरचे भयपट आणि ‘भंगारभारी’ सिनेमे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगरच्या गच्चीपासून देगलूरच्या शेतापर्यंत, चार मित्र जमवून भुताचे आणि अतोनात वाईट सिनेमे बघणाऱ्यांना पडणारे हे प्रश्न आहेत. काही सिनेमाचे, काही वायरीचे. मतं आमची आहेत. आकडे मात्र मोजून बघता येतील असे दिलेत.

‘भंगारभारी’ म्हणजे काय? वाईट सिनेमा तो वाईटच ना?

बहुतेक वाईट सिनेमे नुसतेच वाईट असतात, म्हणजे कंटाळवाणे. भंगारभारी व्हायला तीन गोष्टी लागतात. बनवणारा मनापासून गंभीर असला पाहिजे, त्याची उडी ऐपतीच्या बाहेरची असली पाहिजे आणि पडद्यावर सतत काहीतरी घडत राहिलं पाहिजे. तिसरी गोष्ट लोक विसरतात. वीस मिनिटांत कुणी एकदाही ‘आरं, हे काय चाललंय’ म्हणालं नाही, तर सिनेमा बदला. पुढं सुधारेल ही आशा व्यर्थ आहे.

‘मानोस: द हँड्स ऑफ फेट’ (१९६६) घ्या. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये एल पासो गावच्या एका खतविक्रेत्यानं तो बनवला. आपल्याकडं कृषी सेवा केंद्रवाल्यानं भयपट काढावा, तसंच. त्याचा १६ मिमी कॅमेरा चावीचा होता, एका दमात जेमतेम ३२ सेकंद चालायचा. जागेवर आवाज घेतलाच नाही, मोजक्या माणसांनी नंतर सगळ्यांचे आवाज दिले. म्हणून पात्रं बोलायच्या आधी थबकतात आणि बोलून झाल्यावरही थबकतात. हे कळल्यावर तो बघण्यासारखा होतो. न सांगता लावलात तर अर्ध्या तासात गच्ची रिकामी होईल.

एड वूडच्या ‘प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस’ची गंमत वेगळी. त्यातला नामांकित नट बेला लुगोसी ऑगस्ट १९५६ मध्ये वारला. हातात त्याची थोडीशीच फिल्म होती. मग दिग्दर्शकानं बायकोच्या कायरोप्रॅक्टरला, म्हणजे मणक्याचा उपचार करणाऱ्याला, उभं केलं. तो लुगोसीपेक्षा उंच होता, म्हणून सिनेमाभर तोंडापुढं झगा धरून फिरतो. ही लबाडी नाही, हट्ट आहे. आम्हाला हा हट्टच आवडतो.

मुद्दाम वाईट काढलेले सिनेमे का नकोत?

‘शार्कनेडो’सारख्यांत (२०१३) कलाकार हसू दाबतायत हे दिसतं. जोक सांगणाराच आधी हसला की ऐकणाऱ्यानं काय करायचं? एकदा बघा, दुसऱ्यांदा कुणी लावायला सांगत नाही.

मग ‘कल्ट’ कशाला म्हणायचं?

जो लोक परत परत बघतात आणि ज्याची वाक्यं रोजच्या बोलण्यात येतात, तो. चांगला-वाईट हा मुद्दा नाही. ‘तुंबाड’ (२०१८) उत्तम बनलेला सिनेमा आहे. पहिल्या वेळी थिएटरात त्याला म्हणावी तशी गर्दी झाली नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त गल्ला जमला. मधली सहा वर्षं तो लोकांनी एकमेकांना दाखवून मोठा केला.

कल्ट स्थानिकही असतो. ‘द अंग्रेज’ (२००५) हैदराबादी दख्खनीतला विनोदी सिनेमा. पुण्यात तो लावला तर अर्धे विनोद वाया जातात. संभाजीनगर, नांदेड, परभणीत ‘हौ’, ‘नक्को’ हे घरातलंच आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, त्याची एवढी तरी भरपाई.

नवखी मंडळी आहेत. कोणत्या क्रमानं दाखवू?

पहिल्याच रात्री इंग्रजी नको. सबटायटल वाचताना हसता येत नाही. सुरुवात ‘जानी दुश्मन: एक अनोखी कहानी’नं (२००२) करा. इच्छाधारी नाग, डझनभर ओळखीचे नट आणि हॉलिवूडवरून उचललेल्या करामती, त्यामुळं कुणालाच काही समजावून सांगावं लागत नाही. दुसऱ्या बैठकीला रामसे बंधूंचा एखादा हिंदी भयपट. तिसरीत ‘ट्रोल २’ (१९९०) चालेल. नावात ट्रोल असला तरी सिनेमात एकही ट्रोल नाही, सगळे गॉब्लिन, म्हणजे दुसऱ्याच जातीचे राक्षस. ‘द रूम’ (२००३) त्याच्याही नंतर, कारण तो सिनेमा बोलका आहे आणि बोलण्यातच बिघडलेला आहे. त्यातल्या घरात चमच्याचे फोटो फ्रेम करून ठेवलेत. परदेशी थिएटरांत ते दिसले की प्रेक्षक पडद्याकडं प्लास्टिकचे चमचे फेकतात. गच्चीवर फेकू नका, खाली शेजाऱ्याचं अंगण असतं.

एका रात्री दोनच सिनेमे, आणि भंगार आधी, भीतीदायक नंतर. उलट केलं तर दुसऱ्यात सगळे घोरतात, आणि खरं घाबरून झालेल्या माणसाला रबरी भूत बघून हसूही येत नाही.

रामसे बंधूंचे सिनेमे बघून हसायचं की घाबरायचं?

दोन्ही. ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ (१९७२), ‘पुराना मंदिर’ (१९८४), ‘वीराना’ (१९८८), ‘बंद दरवाज़ा’ (१९९०) हे चार बघितले की त्यांची पद्धत लक्षात येते. भावांनी कामं घरातच वाटून घेतलेली, कुणी दिग्दर्शन, कुणी कॅमेरा, कुणी आवाज. पैसा कमी, म्हणून भूत कमी आणि वातावरण जास्त. धूर सोडायचा, लाल-हिरवे जिलेटिन कागद दिव्यांना लावायचे, दार करकरवायचं. त्यांच्याकडं रात्र रात्रीसारखी दिसते. स्वस्तातल्या बऱ्याच भयपटांत दिवसा शूटिंग करून निळा फिल्टर लावलेला असतो. अंगणातल्या माणसाची ठसठशीत सावली दिसली की समजा, ही ‘रात्र’ दुपारी बाराची आहे.

‘पुराना मंदिर’मधला सैतान सामरी म्हणजे अजय अग्रवाल, शिक्षणानं इंजिनिअर. त्यांच्या उंचीला आणि चेहऱ्याला मेकअप फारसा लागलाच नाही. सामरी चौकटीत उभा राहतो ती दृश्यं आजही काम करतात. मध्येच घुसणारा जगदीपचा ‘शोले’छाप विनोद मात्र काम करत नाही. तेव्हा चहा ठेवून या. हा सल्ला गमतीत घेऊ नका. रामसेंच्या सिनेमात विनोदी उपकथानकं अशी सुटी जोडलेली असतात की उठून गेलात तरी काही चुकत नाही.

पण आमची एक तक्रार आहे. त्यांच्या हवेल्या आपल्या नाहीत. ठाकूर, तहखाना, झुंबर यांची आपल्याला भीती वाटत नाही. मराठवाड्यातल्या माणसाला भीती वाटते ती गावाबाहेरच्या पडक्या गढीची, कठडा नसलेल्या विहिरीची आणि रात्री पाणी द्यायला गेल्यावर मागं सळसळणाऱ्या उसाची.

मग आपल्या भीतीचा सिनेमा मराठीत आहे का?

‘लपाछपी’ (२०१७). सगळा खेळ उसाच्या फडातल्या घराचा. उंच उसात दोन हातांपलीकडचं दिसत नाही, आवाज कुठून येतो कळत नाही. दिग्दर्शक विशाल फुरिया यांनी तोच पुढं हिंदीत ‘छोरी’ (२०२१) म्हणून केला. दोन्हीत मराठी सरस, कारण तो कमी बोलतो. बीड-धारूरकडच्या माणसाला त्यातलं शिवार कुणी समजावून सांगायला नको. विषय स्त्रीभ्रूणहत्येचा आहे, तेव्हा घरात कुणी गरोदर असेल तर हा सिनेमा टाळलेला बरा.

‘झपाटलेला’ (१९९३) भंगारभारीत मोडत नाही, तो नीट बनलेला सिनेमा आहे. बाहुल्यात गुंडाचा जीव शिरायची कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ची (१९८८), पण बाहुला रामदास पाध्यांचा, आवाज दिलीप प्रभावळकरांचा आणि तारांबळ लक्ष्याची. इतकी मुरवून घेतली की उसनी वाटत नाही. ‘झोंबिवली’ (२०२२) मराठीतला झोंबीपट म्हणून बघा. पूर्वार्ध चांगला आहे.

‘गुंडा’ घरच्यांसोबत बघता येईल का?

नाही. कांती शाहांचा १९९८ चा हा सिनेमा वाक्यावाक्याला यमक जुळवतो, आणि त्यातली अर्धी यमकं आई-वडिलांसमोर ऐकवत नाहीत. बशीर बब्बर यांचे संवाद आहेत. बुल्ला झालेले मुकेश ऋषी आणि पोते झालेले आपले मोहन जोशी ते कीर्तनातल्या पदासारखे ठासून म्हणतात, गंमत त्या गांभीर्यात आहे. बायकांवरचे अत्याचार मात्र गंमत म्हणून खपवू नका. तो भाग पुढं ढकलला तरी सिनेमा समजतो. मुळात समजण्यासारखं त्यात फार नाहीच.

इंटरनेटवरची प्रत पूर्ण आहे की कापलेली, हे कसं ओळखायचं?

सिनेमाच्या सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसतं, तिथं थांबवा. त्यावर लांबी मीटरमध्ये लिहिलेली असते. ३५ मिमीची फिल्म मिनिटाला सुमारे २७.४ मीटर पळते, म्हणून मीटरच्या आकड्याला २७.४ नं भागलं की मिनिटं मिळतात. ३,८०० मीटर म्हणजे जवळपास १३९ मिनिटं. तुमची प्रत १३३ मिनिटांची असेल तर लगेच बोंब मारू नका. जुन्या सीडी-डीव्हीडीत सेकंदाला २४ फ्रेमचा सिनेमा २५ फ्रेमच्या वेगानं भरत, त्यात चार टक्के वेळ घटतो आणि आवाज किंचित किनरा होतो. १२० भरले तर मात्र कात्री लागलेली आहे. बहुतेक वेळा टीव्हीवरून उतरवलेली प्रत असते आणि गेलेलं सगळं भुताचं असतं, विनोदाचं नाही. हा अन्याय आहे.

चित्र आरशात बघितल्यासारखं उलटं असेल (फलकावरची अक्षरं बघा) किंवा कडेनं जाड चौकट असेल, तर ती हक्काच्या तपासणीतून निसटण्यासाठी चढवलेली चोरटी प्रत समजा. तिचा आवाजही बहुधा बदललेला असतो.

सगळ्यांचे चेहरे फुगलेले का दिसतात?

प्रत ४:३ ची (चित्राच्या रुंदी-उंचीचं प्रमाण) आणि प्रोजेक्टर १६:९ वर. मेनूत अॅस्पेक्ट रेशो ४:३ करा. बाजूला काळे पट्टे राहू द्या.

प्रोजेक्टर केवढा लागेल?

लुमेन म्हणजे उजेडाचं माप. खोक्यावरचा ‘९,००० लुमेन’ विसरा. फक्त ‘एएनएसआय’ लुमेनचा आकडा बघा. तो लिहिलेलाच नसेल तर तो लपवण्यासारखा आहे. आठ फूट रुंद, साडेचार फूट उंच पडदा म्हणजे ३६ चौरस फूट. पूर्ण अंधारात थिएटरसारख्या उजेडाला चौरस फुटाला साधारण १६ लुमेन लागतात, म्हणजे ५७६. पण गच्चीवर गल्लीचा दिवा असतो, कुणाच्या तरी जिन्यातला बल्ब असतो. चौपट धरा, २,३०० च्या आसपास. भयपटाला हे जास्तच लागतं, कारण अर्धा सिनेमा काळोखात घडतो आणि काळं राखाडी झालं की भूत दिसतच नाही.

अंतरासाठी थ्रो रेशो बघा, म्हणजे चित्राच्या रुंदीच्या किती पट लांब प्रोजेक्टर ठेवायचा तो आकडा. तो १.५ असेल तर आठ फुटी चित्राला बारा फूट. वेळेचंही तसंच. मे महिन्यात पावणेआठपर्यंत पडदा फिका राहतो, डिसेंबरात पावणेसातलाच सुरू करता येतं.

पडदा म्हणून चादर चालते का?

एकेरी चादरीतून उजेड मागं जातो. दुहेरी करा, मागं काळं कापड लावा. वर-खाली नेफा शिवून त्यात बांबू घाला. खालचा बांबू विटांना बांधा, म्हणजे वाऱ्यानं पडदा शिडासारखा फुगणार नाही. चुना दिलेली सपाट भिंत असेल तर चादरीच्या भानगडीत पडूच नका.

दचकवणारी जागा येते, पण दचकायला होत नाही. कामून?

ब्लूटूथ. त्यात आवाज पाव सेकंदापर्यंत मागं पडू शकतो. हात आधी दिसतो, ढणाका नंतर येतो आणि भीतीचा पोपट होतो. लॅपटॉपच्या ३.५ मिमी जॅकमधून थेट वायर स्पीकरला द्या. वायर जोडल्यावर घूंऽऽ असा आवाज यायला लागला तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, बहुतेक वेळा तिथंच थांबतो. डीजेचे बॉक्स आणू नका. त्यात दारं, पावलं, श्वास हे बारीक आवाज बुडतात आणि भयपट त्यांच्यावरच चालतो. मध्यम दोन स्पीकर, पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्यांच्या कानाच्या उंचीला. बस्स.

मध्येच लाईट गेली तर?

जाणारच आहे, तयारी ठेवा. १५० एएचची १२ व्होल्टची एक बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तास देते, हातात हजाराच्या आसपास येतात. प्रोजेक्टर २५०, स्पीकर ८०, लॅपटॉप ५० वॅट धरले तर अडीच तास निघतात. बॅटरी तीन वर्षं जुनी असेल तर दीड. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा हवा, नाहीतर स्पीकर गुणगुणतो. दिव्याच्या प्रोजेक्टरला अचानक वीज जाणं फार घातक, पंखा बंद पडतो आणि तापलेला दिवा जातो. म्हणून तो पहिल्यापासूनच इन्व्हर्टरवर लावा.

हुरडा पार्टीला शेतात दाखवायचं आहे.

जागा उत्तम, अडचणी तीन. आगटी पडद्यापासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवा. धूर झोतात आला की चित्र मळतं. रामसेंना धूर हवा होता, तुम्हाला नको. दुसरी, दहिवर. जानेवारीत नऊनंतर भिंगावर बाष्प धरतं. प्रोजेक्टर चालू राहिला तर ऊब राहते, म्हणून मध्यंतरात बंद करू नका. तिसरी, किडे. झोताकडं येतात आणि पंख्यात ओढले जातात. हवा आत घ्यायच्या जाळीवर मच्छरदाणीचा एकेरी तुकडा लावा, दुहेरी लावलात तर यंत्र तापेल. आणि रात्रीच्या थ्री-फेजच्या भरवशावर राहू नका, ऐन शेवटाला कुणीतरी मोटार चालू करतं आणि व्होल्टेज बसतं.

खायला हुरड्याबरोबर चटणी, गूळ, रेवड्या आहेतच. गच्चीवर असाल तर भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा सुशीला करा. चिवड्यासारखा कुरकुरत नाही, त्यामुळं शांत दृश्यांत आवाज होत नाही.

गणेश मंडळात किंवा यात्रेत दाखवायला परवानगी लागते का?

घरात मित्रांना दाखवणं वेगळं, सार्वजनिक दाखवणं वेगळं. सार्वजनिक प्रयोगाला हक्कधारकाची लेखी परवानगी आणि सेन्सॉर प्रमाणपत्र असलेली प्रत लागते. ओटीटीचं सदस्यत्व खासगी वापरापुरतंच असतं. भारतात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे ‘महल’ (१९४९) किंवा ‘बीस साल बाद’ (१९६२) या चित्रपटांची मुदत संपलेली आहे. गाण्यांचा हक्क वेगळा मोजतात, तो तपासा.

‘नाईट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) हा झोंबीपट अमेरिकेत कुणाच्याच मालकीचा राहिला नाही, तोही एका चुकीमुळं. ऐनवेळी नाव बदललं आणि नव्या नावाच्या पाटीवर हक्काची सूचना टाकायची राहिली. त्या काळी तिथं सूचना नसली की हक्क नसे. आजचे झोंबी इतके सुटले, त्याला ही पाटीही कारण आहे.

रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धकाला बंदी आहे. सातला सुरू केलंत तर एकच सिनेमा बसतो. दुसरा खोलीत, दारं लावून.

मुलांना कोणते?

‘ए’ प्रमाणपत्राचे नाहीत, बस. २०२४ च्या नियमांनंतर यूए मध्ये ७+, १३+, १६+ असे भाग आलेत, ते बघा. जुन्या सिनेमांवर ते नसतात, म्हणून आधी स्वतः बघा. ‘झपाटलेला’ पाचवीच्या पुढं चालतो, पण त्या रात्री घरातल्या बाहुल्या कपाटात ठेवा.

बघून झाल्यावर कुणीतरी भानामतीच्या गोष्टी काढतं. काय करायचं?

मराठवाड्यात हा विषय गप्पांपुरता राहत नाही. भानामतीच्या नावानं इथं बायकांना बडवलं गेलंय, गावं हैराण झालीत. सिनेमातलं भूत पडदा गुंडाळला की जातं. ‘अमकीनं केलंय’ ही कुजबुज गल्लीत राहते. नाव घेऊन कुणाबद्दल बोलू द्यायचं नाही, तिथंच थांबवायचं. अंगात आणून किंवा करणीच्या नावानं लोकांना छळणं २०१३ च्या राज्याच्या कायद्यानं गुन्हा आहे.

बघताना टोमणे मारलेले चालतात ना?

भंगारभारीला चालतात, भयपटाला नाही. भंगारभारीतही एका वेळी एकानंच, आणि संवाद संपल्यावर. सिनेमातलं वाक्य तुमच्या वाक्यापेक्षा नेहमीच विनोदी असतं, ते बुडवू नका. आधी बघितलेल्यानं ‘आता बघा हं’ म्हणायचं नाही. म्हणालाच तर चहाची भांडी त्याच्याकडं.

आम्हालाच छोटी फिल्म काढायची आहे. खोटं रक्त कसं करायचं?

गुऱ्हाळावरची काकवी एक वाटी, पाणी दोन मोठे चमचे, खायचा लाल रंग थेंबाथेंबानं. काकवी मुळात तपकिरी असल्यानं सुकत आलेल्या रक्तासारखा रंग येतो. ताजं हवं असेल तर काकवीऐवजी साखरेचा एकतारी पाक घ्या. पातळ वाटलं तर थंड पाण्यात कालवलेलं कॉर्नफ्लोअर एक चमचा घालून उकळी काढा. पांढरे कपडे परत पांढरे होत नाहीत. मुंग्या पाच मिनिटांत येतात, म्हणून मेलेल्या माणसाचा शॉट आधी घ्या. नंतर मेलेला माणूस खाजवायला लागतो.

पाऊस आला तर?

मृगाचा असो की अवकाळी, आधी मेन स्विच, मग प्रोजेक्टर, मग स्पीकर, शेवटी पडदा. लोक नेमका पडदा आधी धरतात आणि यंत्र भिजतं. भिजलंच तर दोन दिवस चालू करायचं नाही. तांदळात पुरू नका, पावडर पंख्यात जाते. नुसतं वाऱ्याला, सावलीत, भिंग खाली करून ठेवा.